आपण कोठले? अधिवास, शिक्षणशुल्क आणि शाळेच्या रजिस्टरातील एक ओळ

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर त्या मुलाची, भिवाची, नोंद आहे. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते. तिने ते रजिस्टर जपून ठेवले, आणि २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळते. विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेचा प्रारंभ सांगणारा हा दस्तऐवज एका कारकुनाने रोजच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेली एक ओळ आहे.

या ओळीतला मुलगा कोठला होता? त्याचा जन्म महूचा, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातला. घराण्याचे मूळ गाव आंबडवे, जिल्हा रत्नागिरी. शाळा साताऱ्याची, १९०७ ची मॅट्रिक मुंबईची. आज प्रवेशाच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याने ‘आपण कोठले?’ असे विचारले असते, तर या एका प्रश्नाला चार उत्तरे देता आली असती आणि प्रत्येक उत्तरासाठी वेगळा कागद लागला असता. आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची स्थिती याहून वेगळी नाही. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही गौरवाचा विषय न घेता कागदाचा विषय घेतला आहे. माजी विद्यार्थी व पालक आमच्या या निवडीला क्षमा करतील, अशी आशा आहे.

बिबवेवाडीतील घरे आणि त्यांची कागदपत्रे

बिबवेवाडी, अप्पर इंदिरानगर आणि मार्केट यार्ड या परिसरात राहणारी आपली बहुसंख्य कुटुंबे मूळची येथील नाहीत. कोणी १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आले, कोणी बांधकामाच्या कामावर आले, कोणी मार्केट यार्डात हमालीला लागले. घर भाड्याचे, भाडेकरार तोंडी, वीजबिल घरमालकाच्या नावाचे, रेशनकार्ड मात्र गावाकडेच. माणूस वीस-वीस वर्षे पुण्यात राबतो. परंतु तो पुण्यात राहतो हे सांगणारा कागद त्याच्याजवळ नसतो. जो पोटासाठी सर्वांत जास्त हिंडला, त्याच्याच पदरी सर्वांत कमी कागद पडतो. शिक्षणशुल्काच्या सवलती मात्र कागदावरच मिळतात.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याची हकिकत येथे नाव न घेता सांगतो. त्याचे आईवडील त्याच्या जन्मापूर्वीच पुण्यास आले होते. घराणे भालकी तालुक्यातले, जिल्हा बिदर. पहिल्या बाळंतपणासाठी आई रीतीप्रमाणे माहेरी गेली, म्हणून मुलाचा जन्मदाखला कर्नाटकातला झाला. पुढे मुलाने प्राथमिक शिक्षण महानगरपालिकेच्या शाळेत घेतले, पाचवीपासून तो आमच्याकडे राहिला, आणि दहावी-बारावी पुण्यातच उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी अर्ज भरताना त्याला अधिवासाचा दाखला, म्हणजे ज्याला सर्व जण ‘डोमिसाईल’ म्हणतात तो, मागण्यात आला. त्या दिवसापर्यंत असा दाखला काढावा लागतो हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

त्याचे पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी हा दाखला कशासाठी मागतात, ते पाहू.

रहिवासाचा प्रश्न नवा नाही

निजामाच्या हैदराबाद संस्थानात सरकारी नोकरीसाठी ‘मुल्की’ असण्याची अट होती. संस्थानात जन्मलेला किंवा १५ वर्षे राहून तेथेच स्थायिक झालेला तो मुल्की, बाकीचे गैरमुल्की. आजचा मराठवाडा त्याच संस्थानाचा भाग होता. महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी आज सर्वसाधारणपणे १५ वर्षांच्याच वास्तव्याचा पुरावा मागतात, हे साम्य इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटत नाही.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न घटनेपुढे आला. अनुच्छेद १५ ने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून भेदभाव करण्यास मनाई केली. त्या यादीत ‘जन्मस्थान’ आहे, ‘निवास’ नाही. याच फरकावर १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य या खटल्यात निर्णय दिला. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारतातील रहिवासी विद्यार्थ्यांना एका शुल्कातून सूट होती, बाहेरच्यांना नव्हती. न्यायालयाने बहुमताने ठरविले की, हा भेद जन्मस्थानावर नसून निवासावर आधारलेला आहे. राज्य आपल्या पैशातून चालणाऱ्या शिक्षणात आपल्या रहिवाशांना सवलत देऊ शकते. बाबासाहेबांच्या जन्मगावाजवळच्या शहरातील हा खटला पुढील सर्व शुल्कसवलतींचा पाया ठरला.

बाबासाहेबांचे स्वतःचे मतही या बाबतीत समतोल होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत नोकऱ्यांतील निवासाच्या अटीवर चर्चा झाली. सर्व भारताचे नागरिकत्व एक असताना प्रांतोप्रांती निवासाच्या वेगवेगळ्या अटी नसाव्यात, ही भावना त्यांनी मान्य केली. मात्र ज्याचे प्रांताशी काही नाते नाही अशाने केवळ जागा पटकावण्यासाठी यावे आणि निघून जावे, हेही योग्य नाही, असे त्यांनी बजावले. म्हणून अनुच्छेद १६ मध्ये निवासाची अट घालण्याचा अधिकार राज्यांना न देता संसदेकडे ठेवण्यात आला.

१९८४ साली प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भारतीयाचा अधिवास एकच आहे, तो भारताचा. राज्याराज्यांचा निराळा अधिवास ही कल्पना घटनेला धरून नाही. तरीही वैद्यकीय पदवीच्या काही जागा राज्यातील रहिवाशांसाठी राखण्यास न्यायालयाने मुभा दिली. पुढे शासकीय महाविद्यालयांत १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यासाठी व ८५ टक्के राज्यासाठी ही वाटणी रूढ झाली. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने वैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशात मात्र निवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरविले. सारांश असा की, पदवीपर्यंत रहिवासाला महत्त्व आहे, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर आहे.

महाराष्ट्राचा रहिवासी कोण?

अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीय प्रवेशात महाराष्ट्र राज्याच्या उमेदवारांचे पाच प्रकार केलेले आहेत. पालकांनी हे प्रकार नीट समजून घ्यावेत.

‘अ’ प्रकार: दहावी आणि बारावी (किंवा पदविका) महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण, आणि जन्म महाराष्ट्रातला किंवा महाराष्ट्राच्या अधिवासाचा दाखला.

‘ब’ प्रकार: ‘अ’ मध्ये न बसणारा, परंतु ज्याच्या आईचा किंवा वडिलांचा अधिवास महाराष्ट्राचा आहे असा.

‘क’ प्रकार: ज्याचे आई किंवा वडील केंद्र शासनाच्या सेवेत असून महाराष्ट्रात रुजू आहेत असा.

‘ड’ प्रकार: ज्याचे आई किंवा वडील महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आहेत असा.

‘इ’ प्रकार: महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातील संस्थेतून उत्तीर्ण झालेला आणि मातृभाषा मराठी असलेला. महाराष्ट्राने दावा सांगितलेली ८६५ गावे या भागात येतात.

वैद्यकीय पदवीचे नियम अधिक कडक आहेत. तेथे सर्वसाधारणपणे दहावी व बारावी राज्यातून उत्तीर्ण असणे आणि अधिवासाचा दाखला असणे, या दोन्ही गोष्टी लागतात. दहावीनंतर मुलाला शिकवणीसाठी परराज्यात पाठविणाऱ्या पालकांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. नियमांत वर्षागणिक लहानमोठे बदल होतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचणे अनिवार्य आहे.

आता आमच्या विद्यार्थ्याकडे वळू. दहावी-बारावी महाराष्ट्रातील, परंतु जन्म कर्नाटकातला. म्हणजे ‘अ’ प्रकारासाठी दाखला हवाच. दाखल्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा हवा. पहिली ते बारावी ही शाळेची वर्षे होतात १२. उरलेली ३ वर्षे कोठून आणावयाची? वडिलांच्या नावे करार नाही, बिल नाही. एका कार्यालयातून ‘पुरावा अपुरा’ म्हणून अर्ज परत आला. प्रवेशफेरीची तारीख चार दिवसांवर होती. अखेरीस आईने पत्र्याच्या पेटीतून महानगरपालिकेच्या दवाखान्यातील लसीकरणाचे कार्ड काढले. वस्तीतील अंगणवाडीच्या नोंदवहीत मुलाचे नाव सापडले. बारा आणि तीन मिळून पंधरा झाली. आईने जपलेल्या एका मळकट कार्डाने मुलाची जागा वाचविली.

दुसरा प्रश्न: आजोबा कोठे होते?

येथे हकिकत संपावयास हवी होती. पण संपली नाही. अधिवासाचा दाखला ‘आपण कोठे राहता’ या प्रश्नाचे उत्तर आहे. जातीचा दाखला निराळाच प्रश्न विचारतो: ‘१० ऑगस्ट १९५० रोजी आपले पूर्वज कोठे राहत होते?’ त्या दिवशी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींबाबतचा आदेश निघाला, म्हणून अनुसूचित जातींसाठी ती तारीख मानतात. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा आहेत.

१९९० साली मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम पक्का केला. आंध्र प्रदेशातील अनुसूचित जमातीचा, परंतु लहानपणापासून मुंबईत वाढलेला एक विद्यार्थी मुंबईतील वैद्यकीय प्रवेशासाठी राखीव जागा मागत होता. न्यायालयाने सांगितले की, जाती-जमातींच्या याद्या त्या त्या राज्याच्या संदर्भात आहेत; स्थलांतराबरोबर तो दर्जा दुसऱ्या राज्यात जात नाही. अशा कुटुंबाला मूळ राज्यातील दाखल्याच्या आधारे येथे प्रमाणपत्र मिळते, पण ते केंद्र शासनाच्या सवलतींपुरते. महाराष्ट्र राज्याच्या सवलतींसाठी नव्हे.

आमच्या विद्यार्थ्याचे आजोबा १९५० साली भालकीत होते. त्यांचे एक नातलग उदगीरला होते. त्या वेळी भालकी व उदगीर हे दोन्ही तालुके हैदराबाद राज्याच्या एकाच बिदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आले, भालकी म्हैसूर राज्यात गेला. जात तीच, भाषा तीच, सोयरीक तीच. केवळ नकाशावरील एका रेषेमुळे उदगीरच्या घरातील मुलाला महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला मिळतो आणि भालकीच्या घरातील मुलाला, तो पुण्यात जन्मभर राहिला तरी, मिळत नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून १९५६ हे वर्ष आम्ही वर्गात अनेकदा शिकविले होते. त्या रेषेचा अर्थ मात्र आम्हांस त्या जूनमध्ये कळला.

याचा परिणाम थेट शुल्कावर होतो. राज्यातील अनुसूचित जातीच्या व बौद्ध विद्यार्थ्याच्या कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल, तर त्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्याहून अधिक असेल, तर शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफीची योजना आहे. ही शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा आहे ते राज्य देते. आमच्या विद्यार्थ्याला ती येथे मिळाली नाही. त्याने खुल्या प्रवर्गातून, परंतु महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून प्रवेश घेतला. मग एक दार उघडे राहिले: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षणशुल्क शिष्यवृत्ती योजना. खुल्या प्रवर्गातील, महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या आणि कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्याला केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास, तिच्यात निम्मे शिक्षणशुल्क मिळते. उरलेले निम्मे आईवडिलांनी कर्ज काढून भरले. म्हणजे जो दाखला त्या घरात कोणाला ठाऊकही नव्हता, त्यानेच अर्धे ओझे उतरविले.

‘बौद्ध’ ही नोंद

आपल्या समाजासाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या अनेक वडीलधाऱ्यांनी मुलांच्या नावापुढे अभिमानाने ‘बौद्ध’ एवढेच लिहिले. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राने मात्र अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० साली केला. बौद्ध विद्यार्थ्याच्या जातीच्या दाखल्यात तो किंवा त्याचे पूर्वज कोणत्या अनुसूचित जातीतून धर्मांतरित झाले, याचा उल्लेख लागतो. म्हणून पणजोबा किंवा आजोबांचा १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो.

हा पुरावा कोठे मिळतो? आजोबांच्या प्राथमिक शाळेच्या रजिस्टरचा उतारा, गावच्या कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचे जुने उतारे ही प्रमुख ठिकाणे होत. अनेक घरांना महार वतनाच्या जमिनीची कागदपत्रे उपयोगी पडतात. ज्या वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, त्याच वतनाची नोंद आज नातवाच्या शिक्षणासाठी साक्ष देते. गुलामीचा कागदही फेकून द्यावयाचा नसतो. तो इतिहासाचा पुरावा असतो.

दाखल्यानंतर पडताळणी येते. २००० च्या जातप्रमाणपत्र अधिनियमानुसार जिल्हा जातप्रमाणपत्र पडताळणी समितीकडून वैधता घ्यावी लागते. घरातील रक्ताच्या नात्याच्या एका व्यक्तीची, म्हणजे वडील, काका, आत्या किंवा सख्ख्या भावंडांची वैधता झालेली असेल, तर पुढील सर्वांचे काम हलके होते. म्हणून घरात पहिली वैधता मिळविणाऱ्याने आपल्या संपूर्ण घराण्याचे काम केले, असे समजावे.

जगातही हाच प्रश्न

आपले काही माजी विद्यार्थी आज परदेशी आहेत. त्यांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. अमेरिकेत राज्य विद्यापीठांत रहिवाशांसाठी शुल्क कमी व बाहेरच्यांसाठी पुष्कळ अधिक असते. बहुतेक ठिकाणी किमान एक वर्षाचे वास्तव्य दाखवावे लागते. कनेक्टिकट राज्याने एकदा ‘बाहेरचा’ ठरलेल्या विद्यार्थ्याला शिक्षण संपेपर्यंत ‘बाहेरचा’च मानण्याचा नियम केला होता. १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आपण खरोखर रहिवासी आहोत हे सिद्ध करण्याची संधी विद्यार्थ्याला मिळालीच पाहिजे, असे ते म्हणाले. हे तत्त्व आपल्यालाही उपयोगी आहे. अर्ज परत आला म्हणजे प्रश्न संपला असे नव्हे. नाकारण्याचे कारण लेखी मागावे, पुरावा जोडून पुन्हा जावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार दाखल्यांसाठी मुदत ठरलेली असते व ती टळल्यास अपील करता येते.

आणि एक स्मरण. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले भीमराव बडोद्याचे रहिवासी नव्हते. सयाजीराव महाराजांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली, ती शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या अटीवर. म्हणजे माणूस कोठून आला यापेक्षा तो पुढे काय करील, याला तेथे अधिक महत्त्व दिले गेले. आजच्या नियमांना ही दृष्टी केव्हा येईल ते येवो. तोवर आपण आपले कागद सांभाळले पाहिजेत.

पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी काय करावे?

मूल जन्मले की जन्मदाखला नावासह घ्यावा. लसीकरणाचे कार्ड व अंगणवाडीची नोंद जपावी. पहिलीत नाव घालताना आडनाव, जन्मस्थळ, धर्म व जात या रकान्यांत काय लिहिले गेले ते स्वतः वाचून पाहावे; वाचता येत नसेल, तर शिक्षकांकडून वाचून घ्यावे. चूक असेल, तर मूल शाळेत असतानाच दुरुस्तीचा अर्ज द्यावा. शाळा सोडल्यानंतर दुरुस्ती फार कठीण होते. दर वर्षी बोनाफाईड दाखल्याची एक प्रत घरी ठेवावी. भाड्याच्या घराचा लेखी करार करावा आणि आईवडिलांपैकी एकाच्या नावे तरी एखादे बिल, पावती किंवा बँकेचे पासबुक येथील पत्त्याचे असावे. दहावी झाली की सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून अधिवास, उत्पन्न व जातीच्या दाखल्यांचे काम सुरू करावे, आणि अकरावीतच वैधतेचा प्रस्ताव द्यावा. बारावीच्या निकालाची वाट पाहू नये.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपणांपैकी अनेक जण शासकीय सेवेत, वकिलीत व शिक्षणक्षेत्रात आहेत. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दोन रविवार शाळेत येऊन नववी-दहावीच्या मुलांच्या कागदपत्रांची तपासणी करावी. देणगीइतकेच हे काम मोलाचे आहे. आम्ही शिक्षकही आमच्या बाजूने एक गोष्ट पत्करीत आहोत: शाळेचे जनरल रजिस्टर आम्ही काळजीपूर्वक लिहू, वाळवीपासून व ओलीपासून जपू, आणि पंचवीस वर्षांनी कोणी उतारा मागण्यास आला, तरी त्याला रिकाम्या हाताने परत पाठविणार नाही.

तो विद्यार्थी आता अभियंता झाला आहे. मागील वर्षी तो धाकट्या बहिणीचा दाखला काढण्यासाठी शाळेत आला होता. त्याच्या हातात प्लास्टिकची एक फाईल होती आणि तिच्यात बहिणीच्या लसीकरणाच्या कार्डापासून सर्व कागद वर्षवार लावलेले होते. आम्ही रजिस्टर काढले, तिची ओळ शोधली आणि उतारा लिहून दिला.